बशीतली काळी बियर

धाकटे,

थोरलीचे पोटभर आशीर्वाद. तुझा गुडघा आता काय म्हणतो? तुझ्या ह्यांचा खोकला थांबला का? माझी तब्येत उत्तम आहे, इतकी की सांगायला लाज वाटते. कारण तू सांगितलेलं काम माझ्या हातून पार नासलं, आणि तीच हकीकत लिहायला बसले आहे. चौथीपर्यंतची शाळा, अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, तेव्हा सांभाळून घे.

आपली भुंगी (सदा गुणगुणते म्हणून भुंगी, आईबाप गेल्यापासून ही नात माझ्याच कुशीत वाढली) बियरच्या कारखान्यात पिंपं धुते, हे तुला ठाऊक आहे. यंदा मालकाने तिला स्वतःच्या मनाची एक बियर करायला दिली. तिने केली कॉफी घातलेली इम्पीरियल स्टाउट, म्हणजे बियरमधली सगळ्यात काळी, जड आणि कडक जात. पसंत पडली तर भुंगीने तुमच्या गावी समुद्राकाठी निघालेल्या त्याच्या नव्या कारखान्यात जाऊन तीच करायची. नाही पडली तर सगळी मोरीत ओतायची आणि हिने इथेच पिंपं धुवायची. मालकाचा एक नियम आहे. बियर करणाऱ्याच्या घरचं, कधी थेंबही न प्यालेलं एक माणूस बोलवायचं आणि त्याचा शब्द शेवटचा. घरच्यांच्या घशाखाली जे उतरत नाही ते गावाला कुठल्या तोंडाने विकायचं, असं तो म्हणतो. म्हणजे मीच की.

म्हणून तू फोनवर म्हणालीस, “ताई, तोंड वाकडं कर, ओकारी काढ, पोरगी घरात राहील. या वयात एकटी राहणार आहेस का?” मला पटलं होतं गं. आदल्या दिवशी मी आरशासमोर तोंड वाकडं करून पाहिलं. (कवळी बेसिनमध्ये पडली, ती गोष्ट वेगळी.)

खोली दवाखान्यासारखी स्वच्छ, लांब टेबल, एका बाजूला मालक, दुसऱ्या बाजूला चव पारखणारा एक दाढीवाला. त्याने पेला फिरवला, नाक आत घातलं आणि डोळे मिटून म्हणाला, सुकं अंजीर, जुनं लाकूड, चामडं. मी भुंगीला हळूच विचारलं, “अगं, एवढं सगळं पिंपात पडेपर्यंत तू झाकण का नाही लावलंस?” ती म्हणाली, “आजी, नुसता वास येतो तसा.” चामड्याचा वास येतो हे ती अभिमानाने सांगत होती गं.

मग माझा पेला आला. काळीकुट्ट, वर तपकिरी फेस. काळं दिसतंय आणि कॉफीचा वास येतोय म्हणजे गरमच असणार, म्हणून मी सवयीने फुंकर घातली. फेस उडाला तो थेट दाढीवाल्याच्या दाढीत. कोणी हसलं नाही. मी बशी मागितली. मालकाने स्वतः आणून दिली (माणूस संस्कारी आहे) आणि म्हणाला, चव घ्या आणि या बादलीत थुंका. मी म्हटलं, “बाबा, लोकांच्या घरी जाऊन थुंकायला मला आईने शिकवलेलं नाही.” आणि बशीने प्याले.

धाकटे, आता नीट वाच. आधी कडू जहर. तोंड वाकडं करायची ती खरी वेळ होती. पण मागून करपलेली कॉफी आली, मग अगदी शेवटी, जिभेच्या टोकावर, थोडंसं गोड. बाबा रात्रपाळीहून यायचे, त्यांच्या थर्मासच्या तळाशी गार कॉफी उरलेली असायची, न विरघळलेल्या साखरेची, आणि आपण दोघी झाकणासाठी भांडायचो, आठवतं? तीच. तीच गं. भुंगीला हे मी तिच्या लहानपणी कधी सांगितलं, मला आठवत नाही. तिने लक्षात ठेवलं होतं.

ती सिंकपाशी पाठमोरी उभी राहून धुतलेलाच पेला पुन्हा धूत होती. गुणगुणत नव्हती. मालकाने विचारलं, “आजी, काय ठरलं?” मी अजून ठरवतच होते, देवाशपथ. पण तोंडातून निघून गेलं, “अजून आहे का?”

दाढीवाला तेव्हा हसला. भुंगी येऊन माझ्या गळ्यात पडली, ओल्या हातांनी. पोरगी चालली धाकटे, आणि मीच तिला धाडली, आणि तरी मला इतका आनंद झालाय की रस्त्यात कुत्र्यालासुद्धा सांगितलं.

तुझी थोरली

ता. क. : तोंड तू सांगितलंस तसं वाकडं केलं होतं, पण बशी रिकामी झाल्यावर.

ता. क. : तिच्याबरोबर एक बाटली येते आहे. तुझ्या ह्यांना दाखवू नकोस. दोन बशा काढून ठेव, झाकणासाठी भांडायला नको.

ता. क. : मागची खोली झाडून घे आणि दोन खाटा टाक. मी फक्त भुंगीला सोडायला येते आहे. माझी खाट खिडकीपाशी हवी. इथली खोली घरमालकाला परत दिली.