अम्माच्या पत्र्याची पट्टी

अम्मा, तुला मराठी वाचता यायचं नाही आणि मला तेलुगू लिहिता येत नाही, म्हणजे हे पत्र लिहिण्याआधीच वाया गेलेलं आहे. तरी लिहिते. यंदा सोलापूर असं तापलं की माझ्या जुन्या बेस गिटारची मान वाकली. परवा दुपारी मागचे चार स्क्रू काढून मान धडापासून वेगळी केली, तर खाचेतून, बिडीची पानं ज्याच्या मापानं कापायचीस त्या तुझ्या पत्र्याची पट्टी निघाली. बोटभर लांब. एक कड तुझी कात्री वर्षानुवर्षं फिरून गुळगुळीत झालेली, दुसरी माझी, वेडीवाकडी. ती हातात घेऊन मी बसले तोवर स्टोव्हवरचा चहा आटून गेला.

गिटार आणली तो दिवस तुझ्या लक्षात असेल. चिंचोळी एमआयडीसीत पॅकिंगला जायला लागले होते, लग्नातल्या ऑर्केस्ट्रावाल्याकडून ती जुनी, स्वस्तातली घेतली. तू दारात सूप मांडीवर घेऊन बिड्या वळत बसली होतीस. मला तू कधी बिडीला हात लावू दिला नाहीस. एकदाच हट्टानं मी तेंदूची पानं अंदाजानं कापली, तेव्हा हातावर चापट मारून म्हणालीस, "डोळ्यावर विसंबू नको. पत्रा ठेव पानावर, मग काप. पत्रा खोटं बोलत न्हाय." गिटार मात्र तुला गंमतच वाटली. ही अंगठ्यानं ठोकून वाजवतात म्हटल्यावर तू हसत सुटलीस. "अंगठ्यानं? मग मीच वाजवते की! आयुष्यभर दुसरं काय केलंय!" आणि खरंच जाड तारेवर अंगठा हाणलास. नुसता धप् आवाज आला. तू म्हणालीस, "तुझी गिटार मुकी हाय बिड्डा, मुकी हाय पोरी."

मुकीच होती. तार अंगठ्याखाली दबून मानेवरच्या पडद्यांवर आपटली पाहिजे, तर तो टणक आवाज निघतो. माझ्या तारा पडद्यांपासून हातभर उंच. खालचे स्क्रू होते तेवढे पिळून तारा खाली आणल्या, मानेतला दांडा पाव-पाव फेरा फिरवून पाहिला, काही फरक पडेना. सायबर कॅफेतल्या व्हिडिओत एकानं उपाय सांगितला: मानेच्या बुडाखाली काहीतरी पातळ सरकवा, मान मागं कलते, तारा खाली येतात. जाड कागदही चालेल, पण धातूनं आवाज खुलतो म्हणाला. घरी आले तेव्हा तू कारखान्यात बिड्या द्यायला गेली होतीस. सुपात पत्रा होता, शेजारी कात्री. मी त्याच्या लांब कडेची बारीकशी पट्टी कापून घेतली आणि पत्रा होता तसा ठेवून दिला. एवढ्याशानं काय होतंय, असं वाटलं. गिटार मात्र बोलायला लागली, अम्मा. त्या संध्याकाळी मला जग जिंकल्यासारखं वाटत होतं.

पुढच्या आठवड्यात तू कारखान्यातून उशिरा आलीस. चेकरनं सगळ्या बायकांसमोर तुझा जुडगा सोडून दाखवला होता. "मावशी, ही बिडी हाय व्हय? काडी हाय की!" सगळ्या बिड्या छाट म्हणून बाजूला टाकल्या. त्याच्या बोलण्याचं तुला काही नव्हतं. तू दिव्याखाली दोन्ही हात धरून उलटेपालटे करून बघत होतीस. पत्र्याकडे तू बघितलंही नाहीस, पत्रा खोटं बोलत नाही ना. मला विचारलंस, "बिड्डा, माझा हात गेला की काय गं?" मी तारा ताणत होते. मान वर न करता म्हणाले, "वय झालं अम्मा तुझं. चष्मा लाव."

तेव्हा तू पंचेचाळिशीचीही नव्हतीस.

नंतर कारखान्यानं नवा पत्रा दिला, बिड्या पुन्हा मापात यायला लागल्या, पण तुझी मनातली धास्ती गेली नाही. एकेक पान दोनदा मापायचीस, वळलेली बिडी शेजारणीला दाखवायचीस, जिला तूच वळायला शिकवलं होतंस. पुढं तुझी छाती धरली, सिव्हिल हॉस्पिटलमध्ये ठेवलं, तिथं शेवटी-शेवटी तू चादरीची कड बोटांत घेऊन वळत पडलेली असायचीस. मला जवळ बोलावून म्हणायचीस, "बरोबर वळतंय का बघ." मी बरोबर वळतंय म्हणायचे. एवढं म्हणता येत होतं, पुढचं एक वाक्य मात्र मी म्हटलं नाही. हात तुझा गेला नव्हता, अम्मा. पत्रा खोटं बोलत होता आणि तो मी खोटा केला होता.

आता मी लोकांच्या स्वस्तातल्या गिटारी लावून देते. तुझ्या अंगठ्यासारखा घट्टा माझ्याही अंगठ्याला पडलाय. पोरं माझी बेस ऐकून विचारतात, मॅडम, हा आवाज कसा काढला? मी त्यांना तारा कुठल्या, उंची किती, ते सगळं सांगते. पट्टीचं सांगत नाही.

वाटलं होतं, हे पत्र घडी घालून पट्टीच्या जागी ठेवावं. चार घड्यांत माप बरोबर येतं, लावून पाहिलं. पण आवाज जरा बसतो. म्हणून पट्टीच परत आत घातली आणि चारही स्क्रू आवळले.