बेलभंडार न उचलता

वसमत, ता. ९ नोव्हेंबर १९४०

चि. सोनाजीस अक्काचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

इकडे सर्व क्षेम. तुझे दाजी शाळेतून आले की तुझी चौकशी करतात आणि मला खोटे बोलावे लागते. मिरा लहानग्या शालूला घेऊन माहेरी नरसीला गेली, त्याला चार महिने झाले. दोनदा खंडोबाचा बेलभंडार उचलून, शपथ घेऊन तू शिंदी सोडलीस आणि दोनदा पुन्हा धरलीस. खंडोबासुद्धा कंटाळला असेल.

आमच्या गल्लीतले कापडवाले अल्लाबक्षभाई एके काळी तुझ्या वरताण पीत. आता शिवतही नाहीत. ते सांगतात की हिंगोलीत महेबूब नालबंद म्हणून एक जण बैलांना नाल ठोकतो. त्याच्या छपरात बाजाराच्या दिवशी पिणे सोडलेली माणसे बसतात. तू जाऊन ये. वाट विचारायला लाजू नकोस. शिंदीखान्याची वाट विचारताना कधी लाजला नाहीस.

रागाने लिहिले तरी माया तीच आहे. उत्तर तुझ्याच हातचे यावे.
अक्का

कनेरगाव, ता. २४ नोव्हेंबर १९४०

ती. सौ. अक्कास सोनाजीचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

गेलो होतो. पहिल्या बाजारी छपरासमोर घटकाभर उभा राहिलो आणि तसाच परतलो. दुसऱ्या बाजारी महेबूबभाईने हटकले, बैल कुठाय म्हणून. बैल न्हाई, असे म्हणालो. तर म्हणतो, बैलाबिगर नालबंदाकडं दोनदा येणारा माणूस आमचाच, चल आत.

आत सात जण होते. ज्याने त्याने आपलेच सांगायचे, दुसऱ्याला शहाणपण शिकवायचे नाही. दगडोबा तेली सांगता सांगता रडला, पण त्याला कुणी गप्प केले नाही. माझी पाळी आली तेव्हा मी सवयीने बेलभंडार मागितला आणि सगळे हसले. महेबूबभाई म्हणाला, हितं कसम न्हाई. कसम मोडली की माणूस तोंड लपवतो, अन् तोंड लपवायला शिंदीखान्याइतकी बराबर जागा दुसरी न्हाई. आज पिला का न्हाई, तेवढंच सांग.

आज प्यालो नाही, असे सांगितले. अक्का, एवढे लहान वाक्यही मी आजवर खरे बोललो नव्हतो. आता दर बाजारी जाणार. मला जमेल असे वाटते.

दाजींना नमस्कार. लोभ आहेच, तो कमी करू नये.
सोनाजी

वसमत, ता. १ डिसेंबर १९४०

चि. सोनाजीस अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र दाजींनी दोनदा वाचले, मी चारदा. मला राहवेना, म्हणून मी स्वतः नरसीला जाऊन आले. तुझे सासरे संतरामजी कबूल झाले आहेत. चंपाषष्ठीला जा, शालूच्या डोक्यावर हात ठेवून बेलभंडार उचल आणि मिराला घेऊन ये. तुझ्या वतीने मी शब्द दिला आहे.

तुमचा नालबंद काही म्हणो, आपल्यात शपथेवाचून कोण विश्वास ठेवतो? चांगले धोतर नेसून जा. मायलेकी घरी आल्याचे लगेच कळव.
अक्का

कनेरगाव, ता. ७ डिसेंबर १९४०

ती. सौ. अक्कास शि. सा. नमस्कार. वि. वि.

गेलो, पण बेलभंडार उचलला नाही. मामंजी म्हणाले, सोडली असंल तर कसमेला काहून भेता? मी सांगितले की दोन कसमा उचलून दोन्ही मोडल्या, तिसरीत लेकराला गोवणार न्हाई. त्यांनी मला दाराबाहेर काढले. मिरा चौकटीत उभी होती.

येताना शिंदीखाना वाटेवरच लागतो. मी थांबलो नाही. मला फार वाईट वाटते आहे. तुझा शब्द गेला, त्याची क्षमा असावी.
सोनाजी

वसमत, ता. १४ डिसेंबर १९४०

चि. सोनाजीस आशीर्वाद. वि. वि.

त्या बैठकीने तुला शिंदी सोडायला शिकवले की बायको? संतरामजींना आता कोणत्या तोंडाने भेटू? माझा जीव तुझ्यासाठी तुटतो म्हणून बोलते. जेवण वेळेवर करीत जा.
अक्का

कनेरगाव, ता. १९ जानेवारी १९४१

ती. सौ. अक्कांस मिराचा नमस्कार. वि. वि.

मला लिवता येत न्हाई, म्हणून हेच, तुमचे भाऊ, लिहून देऊन राहिले. मी सांगते तसंच लिवा, असं बजावलंय.

मागल्या हप्त्यात यांनी एका गिऱ्हाइकाची बैलगाडी पुरी केली. गाडी उभी झाली की सुताराला शिंदी पाजायची, ही इथली रीत तुमाला ठावी हाय. हे पिले. दुसऱ्या दिवशी नरसीला आले अन् माझ्या बापासमोर, माझ्याकडं बघून म्हणाले, काल पिलो, आज न्हाई. बाजारी बैठकीत सांगायच्या आदी तुला सांगाया आलो.

बाप काठी घेऊन उठला. मी आत जाऊन शालूचे कपडे बांधले. बाप म्हणाला, पिलो म्हणतोय अन् तू जातीस? मी म्हणलं, बाबा, न्हाई पिलो म्हणणाऱ्यासंगं पाच वर्सं काढली. रोज त्यांच्या तोंडाचा वास घेत फिरले. आता पिलो म्हणणाऱ्यासंगं काढून बघते.

बाजाराच्या दिवशी मीबी गेले. छपराबाहेर शालूला घेऊन बसले. यांनी समद्यांफुडं तसंच सांगितलं. घरला येताना गाडीत शालू यांच्या मांडीवर झोपली.

अक्का, तुमी नरसीला आला, तवाच बापाचं दार उघडलं. राग सोडा, अन् रथसप्तमीच्या आत संक्रांतीचा तिळगूळ घ्यायला या.

आत्ता लिवताना ‘हे पिले’ ह्यापाशी यांचा हात थांबला. मी म्हणलं, लिवा. त्यांनी लिवलं.

तुमची,
मिरा