प्रतिज्ञापत्रातली चौथी ओळ

मॅडम,

डेंटल कौन्सिलच्या अर्जातले सगळे रकाने भरून झालेत, फक्त प्रतिज्ञापत्रातल्या चौथ्या ओळीपाशी येऊन अडले आहे. सकाळपासून तीनदा उठले. एकदा कुकर लावला, एकदा पुसलेला ओटा पुन्हा पुसला, एकदा उगाच गॅलरीत जाऊन उभी राहिले. मुलगी म्हणाली, "आई, दोन पानांचा तर अर्ज आहे, तू काय कादंबरी लिहितेयस का?" तिला काय सांगू? डेंटल हायजिनिस्ट म्हणून रीतसर नोंदणी मिळवायला मला सत्तेचाळिसावं वर्ष उजाडलं. तुम्ही या कामाला 'दातांची झाडलोट' म्हणायचात. तुम्ही जाऊन बारा वर्षं झाली, आणि त्या झाडलोटीसाठी सरकार आता माझ्याकडून लिहून घेतं आहे की, 'नोंदणी होण्यापूर्वी मी हा व्यवसाय कधीही व कोठेही केलेला नाही.' हीच ती चौथी ओळ. ही ओळ वाचून तुम्ही आधी मोठ्याने हसल्या असतात आणि मग माझ्याकडे रोखून पाहिलं असतंत.

मी तुमच्या नाशिकरोडच्या दवाखान्यात आले तेव्हा मला दाढ कुठली आणि सुळा कुठला एवढंच कळत होतं. इगतपुरीहून लग्न होऊन आलेली, वडील रेल्वेत, बारावी सायन्स कशीबशी पास. तुम्ही विचारलं होतंत, "रक्त बघून चक्कर येते का?" मी नाही म्हणाले आणि दुसऱ्याच दिवशी आली. पेशंटला नंबर देणं, हत्यारं उकळणं, कापूस वळून ठेवणं, हे माझं काम. तुमचा स्वभाव म्हणजे फटाक्याची माळ. एकदा मी उकळलेला चिमटा ओढणीने पुसला, तर तो तुम्ही माझ्यासमोर बेसिनमध्ये फेकलात आणि म्हणालात, "ही ओढणी तू बसमध्ये घालून आलीस. आता हा चिमटा तुझ्या पोरीच्या तोंडात घालशील?" आठ दिवस मी तुमच्याशी कामापुरतंच बोलले. तुमच्या ते लक्षातही आलं नाही, याचाच मला जास्त राग आला.

मग एका दुपारी तुम्ही मागच्या खोलीत, चहाच्या स्टोव्हशेजारी, जुन्या कवळीला लाल नेलपॉलिश लावत बसलेल्या दिसलात. मला वाटलं, बाईचं डोकं फिरलं. तुम्ही कवळी माझ्या हातात दिलीत, सोबत खरवडायचं हत्यार दिलंत. "रंग सगळा निघाला पाहिजे आणि दातावर ओरखडा नको." महिनाभर मी रोज तो रंग काढत होते, तुम्ही रोज नवा लावत होतात. का, ते विचारायची माझी हिंमत नव्हती. पण तुमचा उजवा हात तुम्ही ॲप्रनच्या खिशात का ठेवता, हे तोवर मला कळलं होतं. चहाच्या कपाची बशी वाजायची तुमच्या हातात.

पुढची चार वर्षं आपण दोघींनी मिळून काय केलं, ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. पेशंट खुर्चीत आडवा झाला की तुम्ही म्हणायचात, "डोळ्यांत पाणी उडेल हं," आणि त्याच्या डोळ्यांवर रुमाल टाकायचात. दात साफ करायचं मशीन मी हातात घ्यायचे. तुम्ही डोक्याशी उभ्या राहून बोलत राहायचात: तोंड उघडा, जीभ मागे घ्या, झालंच आता. आवाज तुमचा, हात माझा. येवल्याकडची एक आजी यायची, जन्मभर मिश्री लावून दात काळेकुट्ट झालेली. माझं काम झालं, तुम्ही रुमाल काढलात, आणि आरशात बघून ती तुम्हाला म्हणाली, "बाई, तुमचा हात लय हलका हाय, काय कळलंबी नाय." तुम्ही तिच्या डोक्यावरून माझ्याकडे पाहिलंत. तशी पावती मला नंतर कुठल्याही परीक्षेत मिळाली नाही, आणि ती माझी आहे असं तेव्हाही म्हणता आलं नाही.

आणि मग मालेगावचे ते काका. तुम्ही मला बजावलं होतं की हत्यार उचलायच्या आधी प्रत्येकाला विचारायचं, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत का. त्या दिवशी बाहेर गर्दी होती आणि तुम्ही फोनवर आत होतात. मी काकांना खुर्चीत घेतलं, स्वतःच रुमाल टाकला आणि सुरू केलं. विचारलं नाही. मला तेव्हा वाटायला लागलं होतं ना, की मला सगळं येतं! खालच्या हिरडीतून रक्त यायला लागलं ते थांबेना. कापसाचे बोळे बदलतेय, बदलतेय, आणि दारातून त्यांचा मुलगा ओरडतोय, "कोनी हात लावला? डॉक्टर कुठंयत?" तुम्ही आलात. मला कोपराने बाजूला सारलंत, काकांच्या हिरडीवर बोळा दाबून धरलात आणि मान न वळवता म्हणालात, "मीच करत होते. गोळ्यांचं विचारायला विसरले. चूक माझी आहे." रक्त थांबायला पाऊण तास लागला. तो मुलगा तुम्हाला काय काय बोलला! तुम्ही, एरवी चिमट्यावरून आकाशपाताळ एक करणाऱ्या, सगळं मान खाली घालून ऐकून घेतलंत.

ते गेल्यावर मी रडायला लागले, तर तुम्ही म्हणालात, "रडू नकोस, ऐक. तुझ्या हातात कला आहे, पण कागद नाही. आज मी होते म्हणून निभावलं." त्या दिवसापासून तुम्ही मला मशीनला हात लावू दिला नाहीत. साफसफाईचे पेशंट दुसऱ्या डॉक्टरांकडे पाठवायला लागलात. जाण्याच्या काही दिवस आधी तुमचं कॉलेजातलं पुस्तक मला दिलंत, पानोपानी पेन्सिलच्या खुणा असलेलं. "कोर्स कर." मी हो म्हणाले आणि केला नाही. मुलं लहान होती, सासूबाई अंथरुणावर होत्या, ही सगळी कारणं खरी आहेत. पण तुमचा रागही आला होता. माझा हात काढून घेतलात असं वाटत होतं.

शेवटी पंचेचाळिसाव्या वर्षी नाव घातलं. वर्गातल्या मुली मला मावशी म्हणायच्या. प्रात्यक्षिकाला सर म्हणाले, "तुम्ही आधी कुठे केलंय का हे?" मी म्हणाले, "नाही सर." बघा, सुरुवात तिथूनच झाली. आता एका मोठ्या दवाखान्यात जागा आहे, फक्त नोंदणी क्रमांक आणा म्हणतात. शुक्रवारी प्रतिज्ञापत्र करायला सीबीएस बसस्टँडजवळ कोर्टाबाहेर गेले. टायपिस्टला म्हटलं, ही चौथी ओळ काढता येईल का? तो म्हणाला, "ताई, नमुनाच असा आहे. ओळ गाळली तर अर्ज परत येतो. सगळे करतात सही, तुम्हीच एवढा विचार करताय." घरी वाचून बघते म्हणाले आणि कागद घेऊन निघाले.

तेव्हापासून डोक्यात एकच चालू आहे. खरं लिहावं, तर तुमचं नाव येतं. दवाखान्याबाहेर अजून तुमच्या नावाची पाटी आहे, आत तुमचा मुलगा बसतो, त्याला यातलं काही ठाऊक नाही. रुमालाखाली कुणाचा हात होता हे आज बाहेर आलं, तर लोक तुमच्याबद्दल काय बोलतील? म्हणजे खोट्यावर सही करायची ती तुमच्यासाठी. तुम्ही त्या दिवशी माझ्यासाठी खोटं बोललात, आता मी तुमच्यासाठी. असं म्हटलं की बरं वाटतं. चांगलं तासभर बरं वाटतं, आणि मग पुन्हा उठून ओटा पुसावासा वाटतो.

मॅडम, कागद घेऊन निघाले, हे खरं नाही. सही शुक्रवारीच झाली. नोटरींनी चष्म्यावरून बघत विचारलं, "वाचलंत ना? सगळं खरं आहे?" आणि मी लगेच हो म्हणाले. तुमचं नाव, तुमची पाटी, तुमचा मुलगा, यातलं काहीसुद्धा त्या क्षणी माझ्या मनात नव्हतं. मनात फक्त मालेगावचे काका आले, आणि कागदावर तरी ती चूक आता कायमची तुमचीच राहणार, याचं मला हायसं वाटलं.