आधी तू

प्रिय छोटी,

मागच्या मंगळवारी दादाची गोळी मी गिळली, म्हणून हे पत्र.

त्याला औषधात विष दिसू लागलं तेव्हा तू शाळेत होतीस. आई गेली आणि गोळी आधी चाखून दाखवायचं तिचं काम माझ्याकडे आलं. रोज सकाळी त्याच्या पाकिटातली एक गोळी आधी मी तोंडात टाकायची, मग दुसरी तो घेणार. ‘आधी तू, ताई. मेलीस तर मी तरी वाचेन,’ म्हणतो आणि वर हसतो. मी गोळी जिभेखाली धरते आणि मोरीत जाऊन थुंकते. एकतीस वर्षं हे बिनबोभाट चाललं. पण नवी कवळी बसवल्यापासून तोंडात काय कुठे आहे तेच कळत नाही. मंगळवारी गोळी सरळ घशात गेली. गॅसवर दूध होतं. मी तिथेच फरशीवर आडवी झाले.

दुपारी जाग आली तेव्हा गॅस बंद, पातेल्याचा कोळसा, आणि माझ्या डोक्याखाली त्याची उशी. तो शेजारी मांडी घालून बसला होता. म्हणाला, बघ ताई, होतं ना विष?

इतकी वर्षं मी त्याला समजावलं. एका दुपारीत तो खरा ठरला आणि मी खोटी. तेव्हापासून माझ्या हातची गोळी नाही. आज सहावा दिवस. भिंतीशी भांडणं सुरू झाली आहेत. डॉक्टर म्हणतात, आता भरती करा. दादा म्हणतो, छोटीच्या हातची घेईन, ती लबाड नाही.

लग्नानंतर तू म्हणाली होतीस, दादा सहा महिने तुझ्याकडे, सहा महिने माझ्याकडे. तुला नाही जमायचं, असं मीच तोडून टाकलं. जमलं असतं. मला ते बघायचं नव्हतं.

फोनवर मी त्याला पंधरा दिवस ठेवून घे म्हणाले, ते खरं नाही. गेलेला विश्वास पंधरा दिवसांत येत नाही, आणि मी दमले आहे. नाही म्हणायचं असेल तर आजच म्हण, मी रागावणार नाही. ठेवून घेणार असशील तर पाकीट त्याच्यासमोर फोड. तुझे दात अजून तुझे आहेत.

तुझीच,
ताई

सोबत दिलं : दादा. गोळ्यांची तीन पाकिटं, न फोडलेली. डॉक्टरांची चिठ्ठी. त्याची उशी. थंडीचे दोन्ही स्वेटर.