हलू नका

बाबूजी, आज सकाळी बिरसीकडच्या शेतात एक सारस मेला. दाट धुकं होतं. जोडी तलावावरून उठली आणि त्यातला नर विजेच्या तारेवर आदळला. मला फोन आला तो त्या शेताच्या मालकिणीचा. ही म्हातारी मला ओळखते, कारण दर पावसाळ्यात या जोडीचं घरटं तिच्याच धानाच्या बांधीत असतं आणि मी तिच्याच शेताच्या कडेला, धुऱ्यावर, कॅमेरा मांडून बसलेली असते. "बाई, तुझा सारस पडला," एवढंच ती म्हणाली. मी गाडी काढली आणि फुलचूरच्या बाहेर पडेपर्यंत माझ्या डोक्यात पक्षी नव्हताच. तुमचं ते स्टुडिओतलं वाक्य होतं. कितीही घाई असली तरी कॅमेऱ्यावर वाकून तुम्ही तेच दोन शब्द म्हणायचात, आणि समोरचं अख्खं कुटुंब श्वास रोखायचं.

तुमचा स्टुडिओ बाजारातल्या बोळात होता. आत रंगवलेला धबधब्याचा पडदा, लाल बल्बची अंधारी खोली, आणि बाहेरच्या टेबलावर माय. फोटो तुम्ही काढायचात, धुवायचात, पण कापायची ती. नागमोडी पात्याच्या कटरवर तिचा हात इतका बसला होता की ती गिऱ्हाइकाशी बोलता बोलता फोटोच्या चारही कडा कापून मोकळी व्हायची. लग्नं होती, शाळेचे फोटो होते, आणि खेड्यांतून येणारी ती बोलावणी होती. म्हातारं माणूस गेलं की मुलं सायकलवरून तुम्हाला न्यायला यायची. गेलेल्याला खुर्चीत बसवायचे, हनुवटीखालून दुपट्टा बांधायचे, सगळं घर भोवती उभं राहायचं. कितीतरी माणसांचा जन्मातला पहिला फोटो तोच असायचा. त्या कामाला तुमचा एक नियम होता. "मेलेल्या माणसाचा फोटो एकच. दुसरा काढला का धंदा होते."

एकदा तिरोड्याकडच्या गावाहून तुम्ही परतलात ती गोष्ट मला अजून स्वयंपाकघरासकट आठवते. माय चुलीपुढे, तुम्ही पाटावर, ताटात भात आणि लाखोरीचं वरण. तुम्ही सांगताय की नेहमीसारखे कॅमेऱ्यावर वाकलात आणि तोंडातून निघून गेलं, "काका, हलू नका हं." अंगणातल्या सगळ्यांनी माना वळवल्या. तुम्हाला वाटलं, आता मार बसतो. तेवढ्यात त्या काकांची म्हातारी डोळे पुसत म्हणाली, "आता काऊन हलन जी तो? जित्ता होता तवा एका जागी बसला नाई!" आधी एक सून हसली, मग सगळे हसले, आणि हसता हसता सगळे रडायला लागले. तुम्हीसुद्धा रडलात, असं तुम्हीच सांगितलंत. माय पोळपाटावरून म्हणाली, "तुमची सवय सरणावर बी जात नाई पाहा." तुम्ही भाताचा घास तसाच हातात धरून हसत बसलात.

पुढे मी पेपरात लागले आणि सुट्टीच्या दिवशी पाखरांमागे फिरायला लागले, ते कशासाठी, हे तुम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. "पाखरू म्हनते काय तुले, फोटो काढ म्हून? आपला धंदा मानसाचा हाय." तरी एका हिवाळ्यात तुम्ही माझ्यासोबत बोदलकसाला आलात. पाण्यावर चक्रवाकांचा थवा होता, केशरी, उन्हात पेटल्यासारखा. तुम्ही माझ्या कॅमेऱ्यातून पाहिलंत, बराच वेळ पाहिलंत, आणि सवयीनं मोठ्यानं म्हणालात, "हलू नका!" सगळा थवा उठला. मी चिडले. तुम्ही म्हणालात, "गिऱ्हाईक बेकार हाय तुझं. आयकत नाई." परतीच्या वाटेवर मात्र तुम्हीच दोनदा विचारलंत की ती बदकं उन्हाळ्यात कुठे जातात.

हिमालयापलीकडे जातात, बाबूजी. इतकी वर्षं त्यांना येताना-जाताना पाहून मला वर्ष त्यांच्यावरूनच कळतं. ती गेली की तलाव आटायला लागतात, भेगाळलेल्या गाळात टिटवी उघड्यावर अंडी घालते आणि भरदुपारी त्यांच्यावर स्वतःची सावली धरून उभी राहते. मृगाच्या सुमाराला नवरंग येतो, दिसत नाही, नुसती शीळ ऐकू येते. मग धानाची रोवणी, आणि रोवणीबरोबर सारस. चिखलात नाचतात, बांधीत गवताचा ढीग रचून अंडी घालतात. मालकीण यंदाही त्या ढिगाभोवतीचा तुकडा न रोवता सोडून म्हणाली होती, "राहू दे. बाळंतीन हाय ते." धान कापून झालं की जोडी पिल्लाला घेऊन मोकळ्या शेतात उतरते आणि वर्तुळ पुरं होतं. हे सगळं मी तुम्हाला सांगितलं असतं. तुम्ही अर्धं ऐकून शटरचा वेग विचारला असतात.

पण त्या बोदलकसाच्या हिवाळ्यानंतर तुम्हाला पुढचा हिवाळा मिळाला नाही. पावसाळ्यात, झोपेतच गेलात. ओसरीत तुम्हाला खुर्चीत बसवलं आणि सगळे माझ्याकडे पाहायला लागले, कारण कॅमेरा धरणारं घरात दुसरं कोणी उरलं नव्हतं. माय म्हणाली, "काढ पोरी. त्यायनं साऱ्या जिल्ह्याचे काढले." मी तुमचाच पेटीचा कॅमेरा घेतला. बाहेर आभाळ भरलेलं, ओसरीत उजेड नाही, कॅमेरा ठेवायचं तिकाटणं स्टुडिओत राहिलेलं. मी वाकले आणि माझ्या तोंडून ते दोन शब्द निघाले. कोणी हसलं नाही. मी एकच फोटो काढला. दुसरा काढायचा नव्हता.

तो मीच धुतला, लाल बल्बखाली. कागदावर तुम्ही हळूहळू वर आलात आणि तुमचा चेहरा किंचित सरकलेला होता, जणू मान वळवता वळवता कोणीतरी टिपलं. माझा हात हलला होता. तुम्ही असतात तर एका नजरेत ओळखलं असतंत, कारण मागची भिंत हलली होती, दाराची चौकट हलली होती, मायचा पदरही हलला होता. मायनं फोटो हातात घेतला, पुष्कळ वेळ पाहिला आणि म्हणाली, "हलले पाहा. जनमभर लोकायले हलू नका म्हनत राहिले, अन् स्वतः हलले." ती हसली. तेराव्यापर्यंत घरात कोणी हसलं असेल तर ते तेवढंच. हात माझा हलला, हे मी सांगितलं नाही. आल्यागेल्याला ती तेच सांगायची आणि अजून सांगते. मी दर वेळी उठून आत जाते.

आज सकाळी मी पोहोचले तेव्हा धुकं वर सरकलं होतं. लाखोरीच्या हिरव्या शेतात तो पडलेला, एक पंख उघडा. मादी त्याच्याजवळ उभी होती. पिल्लू दूर बांधावर. वनखात्याची माणसं दोरी घेऊन आली होती, पण मादी त्यांना जवळ येऊ देत नव्हती. अधूनमधून मान वर करून ओरडायची. सारसाचं ओरडणं दोघांचं मिळून एक असतं, बाबूजी. एक सुरू करतो, दुसरा त्यात मिसळतो. ती सुरू करायची आणि जिथे त्यानं उचलायचं तिथे थांबायची. मग पुन्हा.

"काढून राहिली काय फोटो?" धुऱ्यावर बसलेल्या मालकिणीनं विचारलं.

"काढू का, मावशी?"

"मंग आली कायले? काढ. पन ते तार दिसू दे त्याच्यात. नुसतं पाखरू काढून काय करतं? ते दुसरी हाय अजून. तिले बी याच तारेखालून जा लागते."

मी तिकाटणं रोवलं. तार वरून, तो खाली, मधे ती. एकच फोटो घेतला आणि कॅमेरा मिटला. दुपारी संपादकांचा फोन, "अजून एक-दोन अँगल पाठवा ना." नाहीत म्हटलं. संध्याकाळच्या आत बातमी दिली, पाखरांना तार दिसावी म्हणून तिच्यावर लाल गोळे लावण्याची गावकऱ्यांची मागणी तिसऱ्या ओळीत घेतली. फोटो इतका स्वच्छ आहे की त्याच्या मानेवरचं दव मोजता येईल. काही हललेलं नाही. मी इतका चांगला फोटो फार दिवसांत काढला नव्हता आणि मला तो पाहवत नाही.

घरी आल्यावर मायला दाखवला. आता तिला कमी दिसतं, मोबाइल डोळ्याला लावून पाहते. तिनं मादीला पाहिलं. मग अंगठ्यानं वरची तार झाकून म्हणाली, "हे काप. भवतालचं सारं काप. लोकं भलतंच पाहात बसतेत, मग ज्याले पाहाचं तो राहून जाते."

मी म्हटलं, "तार राहू दे, माय. शेतवाल्या मावशीला ती पाहिजे."

ती आत गेली आणि मी भिंतीवरची तुमची फ्रेम खाली काढली. मी धुतला तो कागद मोठा होता. भिंत होती, चौकट होती, मायचा पदर होता. फ्रेममध्ये फक्त तुमचा चेहरा आहे, कानाला लागून कापलेला. काचेला बसावा म्हणून कापला असेल, असं मी इतकी वर्षं धरून चालले होते. पण काच मोठी आहे, भोवती पांढरा पुठ्ठा आहे, आणि फोटोच्या चारही कडा नागमोडी आहेत. आपल्या घरात तो कटर एकाच माणसाच्या हातात असायचा. आणि तुमच्याजवळ बसून इतके फोटो कापलेल्या बाईला, हललेली भिंत म्हणजे हललेला कॅमेरा, हे कोणी शिकवायला नको.

आतून तिनं हाक दिली, "काय करून राहिली वं?"

"काही नाही, धूळ पुसते," म्हटलं आणि तुम्हाला परत जागेवर लावलं.

हे लिहिलेलं तुम्हाला कुठे पाठवणार, तेव्हा इथेच ठेवते. एवढंच सांगायचं होतं, बाबूजी, की हात माझा होता. पण आज काच पुसताना मी पण म्हणून गेले, हलू नका, आणि हात थांबवून थोडा वेळ वाट पाहिली.