हरणांसाठी बांधलेला हौद

बडनेरा, चैत्र वद्य पंचमी, शके १७८७

तीर्थरूप आईच्या पायांशी पुंजारामचा दंडवत.

तुझ्या शब्दाखातर माळावर मुक्या जनावरांसाठी बसका हौद बांधला. दगड-चुना लागला तो लागलाच, खरा खर्च नऊ हरणांचा झाला. पाण्याशी लांडगे दबा धरून बसतात. नत्थुजी धनगर पाठीमागे पुटपुटला, तेही मी ऐकलं: "शेटजीनं पाणी नाई ठेवलं, लांडग्यायची पंगत मांडली!"

मी खुशाल आहे, वेळेवर जेवतो. पण चीड येते गं. कळपानं पुन्हा नदीच्या डोहावर जावं म्हणून हौद कोरडा केला. "कापसाचे दलाल वळवले, हरणं काय चीज!" असं सगळ्यांदेखत बोललो. तुझं पुण्य अडवलं, रागावू नकोस. बाळापूरला ऊन किती? गुडघे कसे आहेत?

आज चौथा दिवस. हरणं कोरड्या हौदाभोवतीच उभी आहेत.

तुझा पुंजाराम