कुळ न विचारणाऱ्या पेशी

नैरोबी, मंगळवार

चि. अराली,
थोरल्या बहिणीचा आशीर्वाद.

आम्ही दोघी ठीक आहोत. तुझी लेक अकीकी आता दोन घास जास्त खाते. पाय सुजतात, पण यंत्रावर रक्त शुद्ध केलं की सूज उतरते. तुझी साखर किती आहे? कॉफी वाळत घातली का?

माझं मूत्रपिंड तिला चालणार नाही. डॉक्टर वान्जोहींनी आम्हा दोघींच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी एका बशीत ठेवल्या होत्या. या पेशी एकमेकींना चिकटून, अंगावरच्या खुणा चाचपून आपलं-परकं ठरवतात. आपण कुणी भेटलं की हात हातात घेऊन लाडनाव विचारतो, तसंच. तिच्या पेशी माझ्या पेशींवर तुटून पडल्या.

"अहो, आम्ही एकाच कुळातल्या!" मी म्हणाले.

"बाई, त्या कुळ विचारत नाहीत. मुलीच्या निम्म्या खुणा बापाच्या, निम्म्या आईच्या. बापाला मधुमेह आहे. मग आई कुठे आहे?"

अकीकी म्हणाली, "आत्या, तुझ्याशी भांडायची हिंमत माझ्या पेशींनाच झाली बघ!" मग तोंड फिरवून झोपली.

अकीकीची आई अद्येरी दुसऱ्या कुळातली म्हणून आपल्या कुळाच्या बैठकीत वडीलधाऱ्यांनी मूत्रपिंड देणाऱ्यांतून तिचं नाव वगळलं. ती द्यायला तयार होती, हे तुलाही ठाऊक आहे. तिला ताबडतोब पाठव. ती जुळेलच असं नाही, पण तपासणी व्हायला हवी. डॉक्टर म्हणतात, फार थांबता येणार नाही.

पुन्हा बैठक बोलावलीस तर तिथला निर्णय मला कळवू नकोस. बसची वेळ कळव.

तुझी बहीण,
अबवूली